देवाचा पैसा: वहीत की मोबाईलमध्ये?

(जीर्णोद्धार समारंभात ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळावर कळस चढला, सभामंडपाची फरशी झाली, दीपमाळेची डागडुजीही पुरी झाली. त्याचे वर्णन या स्मरणिकेत इतरत्र आले आहेच. परंतु गेले दोन महिने पारावर जी चर्चा रंगते आहे ती कळसाची नव्हे, देणगीच्या यादीची आहे. तरुण मंडळींचे म्हणणे, पावतीपुस्तके आता बंद करा, हिशेब संगणकावर घ्या आणि पावती फोनवर पाठवा. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, शाईने लिहिले तेच खरे. काचेवरचे अक्षर बोट लागले की नाहीसे होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र वादाच्या भरात ज्याची नोंद ठेवायची तो देणारा माणूस कडेला राहतो आहे.

देणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याची चाल महाराष्ट्रात आजकालची नाही. पंढरपुरास श्रीविठ्ठलाच्या देवळात ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणून ओळखली जाणारी शिळा आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळात देवळासाठी कोणी काय दिले याची ती यादी होय. तीत यादवराजा रामचंद्रदेव याचे नाव आहे आणि साध्या भाविकांचीही आहेत. राजाचे दान व रयतेचे दान एकाच दगडावर! पण गंमत अशी की, या शिळेला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने भाविक तिला पाठ घाशीत आले आणि काही अक्षरे झिजून गेली. दगडावरचे लिहिणे जिथे जपावे लागते, तिथे कागदाची आणि यंत्राची काय कथा?

आधी कागदाचे पाहू. पावतीपुस्तकाचा खरा गुण शाईत नाही, छापील क्रमांकात आहे. शंभर पावत्यांच्या पुस्तकातून एक पान गेले तर ते गेल्याचे लगेच दिसते. म्हणूनच चुकलेली पावती फाडून टाकायची नसते, तिच्यावर रेघ मारून ती पुस्तकातच ठेवायची असते. देणाऱ्याच्या देखत रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली जाते, घेणारा सही करतो, आणि देणारा आपला कागद घरी नेऊन देव्हाऱ्यामागे ठेवतो. त्या कागदाला वीज लागत नाही की रेंज लागत नाही.

पण कागदाचे कौतुक करताना माळ्यावरची ट्रंक विसरता कामा नये. देवळाच्या मागच्या डागडुजीच्या वेळची वर्गणीची वही त्या ट्रंकेत सापडली, तेव्हा निम्म्या पानांची वाळवीने चाळण केली होती. कोणाच्या आजोबांनी सागाची तुळई दिली, हे आता सांगता येणार नाही. शिवाय कार्बनची प्रत फिकी पडते, ओल लागते, आणि पावतीपुस्तक घेऊन गेलेले कार्यकर्ते ते वेळेवर परत करतातच असे नाही. कोणते पुस्तक कोणाच्या हाती दिले हे लिहिले नसेल तर छापील क्रमांकाचाही उपयोग होत नाही.

आता यंत्राचे. यूपीआयची सोय २०१६ साली सुरू झाली आणि चाकरमान्यांची वर्गणी मनिऑर्डरची वाट न पाहता क्षणात येऊ लागली. बेरीज चुकत नाही, यादीची प्रत चार ठिकाणी ठेवता येते आणि बँकेचे उतारे म्हणजे तिऱ्हाइताची साक्षच असते. मात्र देवळात चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा, हे पहिल्याने पाहावे. तो न्यासाच्याच खात्याचा असला पाहिजे. खजिनदार धर्मराजाचा अवतार असला तरी देवाचा पैसा त्याच्या स्वतःच्या खात्यात येऊ नये. त्यात त्याच्याच अब्रूचे रक्षण आहे.

यंत्राची चूकही मोठी असते. संगणकावर नावे अकारविल्हे लावताना रकमेचा रकाना सोबत घ्यायचा राहिला, आणि कच्च्या यादीत एकाची रक्कम दुसऱ्यापुढे गेली. एक्कावन्न रुपये देणारा पाच हजारांचा धनी झाला आणि पाच हजारवाल्याच्या नावापुढे एक्कावन्न आले! दोन दिवस गावात नाही नाही ते बोलले गेले. तिसऱ्या दिवशी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढून एकेक नाव ताडून पाहिले, तेव्हा कोठे तोंडे बंद झाली.

तथापि सगळ्यांत जिव्हारी लागणारी चूक वेगळीच होती, आणि ती यंत्राचीही नव्हती की कागदाचीही नव्हती. गावातील एका वृद्ध मातेने वर्षभर अंडी विकून अकराशे रुपये साठवले आणि दिवंगत यजमानांच्या नावे देवळाला द्यावे म्हणून मुंबईच्या मुलाच्या हाती दिले. मुलाने ते इमानाने फोनवरून पाठवले. बँकेच्या उताऱ्यात अर्थातच खातेदार म्हणून मुलाचे नाव आले आणि यादीतही तेच उतरले. कच्ची यादी सभामंडपात वाचली गेली तेव्हा ती माउली शेवटपर्यंत बसून होती. यजमानांचे नाव आले नाही. ती काही बोलली नाही, पदर सावरून उठली. बोलली ती शेजारीण. मग मुलाला फोन करून व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागवला, उताऱ्याशी जुळवला आणि नोंद दुरुस्त झाली. हिशेब तपासनिसाच्या दृष्टीने आधीची नोंदही बिनचूकच होती. पैशाला पैसा लागत होता. तिला तेवढे पुरेसे नव्हते.

असेच गवंडीकाकांचे. त्यांनी बारा दिवस बिनमजुरी काम केले. कोणी वाळूची ट्रॉली दिली, कोणी भंडाऱ्याला गहू दिला. संगणकाच्या तक्त्यात रुपयांचा रकाना आहे, दिवसांचा नाही. म्हणून ही मंडळी यादीतून गळाली. वहीत निदान कडेला दोन ओळी लिहायला जागा असते.

कायदा या वादात कोणा एकाचा पक्ष घेत नाही. मूळचा १९५० सालचा, आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने असलेला कायदा नोंदणीकृत न्यासाला नियमित हिशेब ठेवायला, एरवी ३१ मार्चला तो मिटवायला आणि तपासून घ्यायला सांगतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने संगणकावरील नोंदीला मान्यता दिली. आयकराच्या नियमांत २०२२ साली धर्मादाय संस्थांच्या पुस्तकांविषयी जी भर पडली, तीतही लेखी व संगणकीय असे दोन्ही प्रकार मान्य केले आणि पुस्तके दहा वर्षे जपण्यास सांगितले. दहा वर्षांत मोबाईल किती बदलतात, हे तरुणांना सांगायला नको.

तेव्हा विश्वस्तांनी ठरविले आहे ते योग्यच म्हणावे लागेल. रोख देणगीची पहिली नोंद छापील पावतीवरच होईल आणि त्याच आठवड्यात ती संगणकावर चढेल. फोनवरून आलेल्या रकमेसाठी पाठवणाऱ्याला विचारले जाईल, “नाव कोणाचे लावायचे?” आणि मगच पावती लिहिली जाईल. वस्तू व श्रमदान यांची वेगळी वही राहील. संगणकाचा पासवर्ड एकट्या खजिनदाराच्या डोक्यात न राहता मोहरबंद पाकिटात देवळाच्या तिजोरीत राहील आणि दर तिमाहीला यादीची छापील प्रत दोन विश्वस्तांच्या सहीने फायलीला लागेल. काम वाढेल, हे खरे. हिशेबनिसाला त्यासाठी एक तरुण मदतनीस हवा आहे. ज्यांनी वहीच्या विरुद्ध सर्वांत जास्त भाषणे केली त्यांच्यापैकीच कोणी पुढे यावे.

देणगीदारांचा संगमरवरी फलक अद्याप कोरायला दिलेला नाही. येत्या एकादशीला कीर्तनानंतर दुरुस्त यादी पुन्हा एकदा मोठ्याने वाचली जाईल. ज्यांचे नाव सुटले असेल अथवा चुकले असेल त्यांनी पावती असल्यास पावती, फोनवरून पाठवले असल्यास तो बारा आकडी क्रमांक, आणि दोन्ही नसल्यास माहीतगार शेजारी घेऊन यावे. यादीत गवंडीकाकांच्या नावापुढे ‘बारा दिवस’ असे लिहिले आहे. तेरा असतील तर त्यांनी त्याच वेळी सांगावे.