सामाईक विहिरीचा गाळ



कुगावच्या काठावर उभं राहिलं की पाण्यापलीकडं इंदापूर तालुका दिसतो. तो पुणे जिल्हा. आपण उभे असतो करमाळ्यात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. वरच्या अंगाला अहिल्यानगरचा कर्जत तालुका लागतो. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, भीमा अडली आणि एकच यशवंतसागर जलाशय तीन जिल्ह्यांत पसरला. ही वाटणी कागदावरची. पलीकडच्या कुंभारगावाकडं नावेची मोटर जोरात वाजली की रोहितांचा थवा उठतो, गुलाबी पंख उघडून पाणी ओलांडतो आणि आपल्या केत्तूरकडच्या चिखलात उतरतो. तलाठी सजा बदलला हे त्याच्या गावीही नसतं.

आपल्याकडं भाऊबंदांत सामाईक विहीर असते. कुणाची पाळी कधी, हे ठरलेलं असतं. रात्री दोनला लाईट आली तरी माणूस बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो, पाळी सोडत नाही. पण गाळ काढायचा विषय निघाला की जो तो दुसऱ्याकडं बघतो. थोरला म्हणतो, धाकट्यानं सुरुवात करावी. धाकटा म्हणतो, माझा हिस्सा चार आण्याचा. आणि गाळ चढत राहतो.

उजनीसाठी राबणारी माणसं थोडी नाहीत. भिगवणकडचे नावाडी आणि पक्षी दाखवणारी तरुण मुलं आहेत, करमाळ्यातले दुर्बीण घेऊन फिरणारे शिक्षक आहेत, सोलापूर, बारामती, पुण्याच्या निसर्गसंस्था आहेत, वनखातं आहे. सगळे मनापासून काम करतात. पण आपापल्या पाळीत. सामाईक गाळाला कुणी हात लावत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे : एकच दिवस आणि एकच वही. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आशियातल्या अनेक देशांत ती 1987 पासून चालू आहे. समजा, भिगवणकडच्या मंडळींनी एका रविवारी रोहित मोजले आणि करमाळ्याच्या मंडळींनी पुढच्या रविवारी. मधल्या आठवड्यात तोच थवा अलीकडं आला, तर तो दोनदा मोजला गेला. पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्याकडं येतात, आणि आपल्याला मधलं एवढंसं पाणी ओलांडून एकमेकांना फोन करायला जमू नये? दोन्ही काठांनी एकाच सकाळी मोजा, एकाच वहीत लिहा. पक्षी कमी झाले की वाढले, हे त्याशिवाय कळायचं नाही, आणि आकडा पक्का नसेल तर सरकारदरबारी आपलं कोण ऐकणार?

त्या वहीत कोळी-भोयांचं नाव पहिलं हवं. ते पहाटे पाण्यात असतात, थवा कुठं उतरला ते त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. बारीक आसाच्या जाळ्यांनी माशांचं पिल्लूही उरत नाही, हे दुःखही त्यांचंच आहे. त्यांना गुन्हेगार ठरवून कुठलंच संवर्धन होणार नाही, हे संस्थांनी एकदा मनावर घ्यावं.

आता नदी सुरयाचं बघा. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, मधेच वाळूची बेटं उघडी पडतात. हा पक्षी घरटं असं बांधतच नाही. वाळूत उथळ खळगा करतो आणि त्यात दोन-तीन अंडी घालतो. राखाडी-मातकट रंग, वर तपकिरी ठिपके. शेजारच्या खड्यांत ती इतकी मिसळतात की दोन पावलांवरून दिसत नाहीत. हौशी माणूस नाव लावतो, फोटोसाठी खाली उतरतो आणि पाय नेमका अंड्यांवर पडतो. नावाडीदादांनो, त्या दिवसांत बेटाला नाव लावू नका. पाहुणा रुसला तर रुसू द्या.

पण नावाड्यानं पाळलं तरी भागत नाही. खाली आवर्तन सुटलं की पातळी उतरते, बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत अंड्यांपर्यंत पोचतात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण मायनस साठ टक्क्यांच्या आसपास गेलं, तेव्हा एरवी बुडालेलं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर आलं होतं. अशा वर्षी बेटं कुठली उरणार? पिकाला आणि पिण्याला पाणी द्यायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पातळी किती आणि कधी उतरणार हे पाटबंधारे खात्याकडून आठ दिवस आधी कळलं, तर काठावरची पोरं तिथं राखण करू शकतील. म्हणून म्हणतो, दोन्ही काठांची एक बैठक व्हावी आणि त्या बैठकीत पाटबंधाऱ्याचा माणूसही हवा.

बैठक कधी घ्यायची? 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. 5 नोव्हेंबर हा आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. रोहितांची गर्दी व्हायच्या आधीचे हे दिवस आहेत. एका वर्षी काठाच्या या बाजूला बसा, पुढच्या वर्षी त्या बाजूला. भाकरी बांधून आणा. जानेवारीतला मोजणीचा दिवस तिथंच ठरवा आणि वही कुणाकडं राहणार तेही ठरवा. दरसाल वेगळ्या गावाकडं राहिली तरी चालेल, पण वही एकच.

पुण्याकडून वाहत येणारं घाण पाणी आणि त्यावर पोसणारी जलपर्णी, यावर बोलायचं होतं. पण वेळ संपत आली आहे. कुंभारगाव, डिकसळ, केत्तूर, कुगाव, चिखलठाण, तुमच्यापैकी जे ऐकत असतील त्यांनी आपल्या गावातून एकेक नाव आजच काढून ठेवा. नोव्हेंबर यायला वेळ लागत नाही.