हळद, कुंकू आणि रंगाचा अर्थ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



चिटणीसबाईंनी मला आधीच बजावून ठेवले आहे की, रंगांविषयी काहीतरी शास्त्रीय सांगा, पण जड करू नका. माझे आयुष्य शाळेत विज्ञान शिकविण्यात गेले, त्यामुळे जड करण्याची खोड अंगात मुरलेली. तेव्हा प्रयोगशाळा बाजूला ठेवते आणि आपल्या मिसळणाच्या डब्यापासूनच सुरुवात करते.

घरी गेल्यावर एवढे करून पाहा. वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद कालवा. विड्याच्या पानाला लावतो तो चुना बोटाच्या टोकावर मावेल इतकाच घेऊन त्यात टाका. पिवळे पाणी पाहता पाहता तांबडे होईल. आता त्यातच लिंबू पिळा. पाणी पुन्हा पिवळे! ही जादू नव्हे. हळदीत कुरकुमिन नावाचे द्रव्य असते. आंबट पदार्थांच्या संगतीत ते पिवळे राहते आणि चुना, सोडा, साबण अशा क्षारांच्या संगतीत तांबडे दिसते. पांढऱ्या पदरावर हळद सांडली, साबण लावला, डाग लालभडक झाला आणि साडी गेली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. साडी जात नाही. साबण नीट खळबळून काढा आणि ती ओलीच उन्हात टाका. उन्हात कुरकुमिन टिकत नाही, डाग फिका पडत जातो. उन्हाळ्यात हा उपाय विशेष लागू पडतो, हे सांगायला नकोच.

आपल्या कुंकवाचे गुपित हेच. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीचेच असे. कुठे हळदीला चुना देत, तर कुठे लिंबाचा रस आणि टाकणखार. आता तुम्ही विचाराल, लिंबाने तर रंग पुन्हा पिवळा होतो, मग कुंकू लाल कसे राहते? ते काम टाकणखाराचे. त्यातले बोरॉन हळदीशी संयोग पावते आणि लिंबाच्या आंबटपणातही लाल रंग तयार होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी नावाजलेले आहे. हळदीसाठी सांगलीचे नाव आहेच. तिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हळद आणि कुंकू अशी दोन पाळी आपण हौसेने ठेवतो खरी, पण त्या एकाच कंदाच्या दोन लेकी.

आता हा रंग दिसतो तरी कसा? न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकातून ऊन पाठवून दाखविले की, पांढऱ्या उजेडातच सगळे रंग दडलेले आहेत. उजेडाच्या लाटा असतात आणि त्या फारच बारीक. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर जांभळ्या प्रकाशाच्या एका लाटेची लांबी त्यांतल्या सुमारे चारशे भागांइतकी आणि लाल प्रकाशाची सुमारे सातशे भागांइतकी. कुंकू निळ्या-हिरव्या लाटा पोटात घेते आणि लाल परत पाठविते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन जातींच्या पेशी असतात. त्या मेंदूला कळवितात, आणि मग आपण म्हणतो, लाल. उजेडात लालच नसेल, तर कुंकू तरी परत काय पाठविणार? रस्त्यावर पूर्वी ते पिवळे सोडियमचे दिवे असत, त्यांच्या उजेडात लाल साडी कशी मळकट दिसे ते आठवा.

लाल रंग हवेत कमी विखुरतो, म्हणून लांबूनही दिसतो. नालासोपारा स्टेशनातला सिग्नल लाल असण्यामागे हेही एक कारण आहे. रंगांधळेपणा पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. तेव्हा पोपटी ब्लाऊजपीस आणायला सांगितला आणि भलताच आला, तर घरातल्या माणसाला रागावण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्या.

इथवर शास्त्र सोपे आहे. लाट मोजता येते. पण त्या लाटेचा अर्थ कुठल्याच यंत्रात मोजता येत नाही. तो आपण लावतो, आणि गावागणिक निराळा लावतो. काळा रंग एरवी शुभकार्याला वर्ज्य, पण संक्रांतीला हौसेने काळी चंद्रकळा नेसायची. काळे कापड ऊन शोषून घेते, थंडीत ऊब देते. ही सोय आधी आली की रूढी, ते सांगणे कठीण. आपल्याच वसईत ख्रिस्ती वधू पांढऱ्या पोशाखात चर्चची पायरी चढते. ती चालही फार जुनी नाही; १८४० साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा झगा घातला आणि तिथून ती जगभर रुळली. नवरात्राचे नऊ रंग तर आपल्या डोळ्यांदेखतचे. चालू शतकाच्या सुरुवातीला मराठी वर्तमानपत्राने ती टूम काढली. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल असा वाराचा हिशेब धरला, आणि आज लोकलचा बायकांचा डबा त्या दिवसांत एका रंगाचा होऊन जातो. मला त्यात काही वावगे वाटत नाही, गंमतच वाटते. वीस-पंचवीस वर्षांत एक रूढी कशी जन्माला येते आणि लोक ती पुरातन कशी मानू लागतात, हे आपण स्वतः पाहिले.

आणि आता तांबड्या रंगाकडे परत येते, कारण खरे बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

लाल म्हणजे सौभाग्य, असे आपण म्हणतो. पण आपल्या पणज्यांच्या काळी ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवेला जे जाडेभरडे आलवण नेसवीत, तेही तांबडेच असे. सवाष्णीच्या कपाळावर लाल आणि विधवेच्या अंगावरही लाल! रंग एकच. एकीला तो मान होता, दुसरीला शिक्षा. मग तो मान नि ती शिक्षा त्या रंगात होती, की माणसांच्या मनात? योगायोग पाहा, १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला पहिला मोठ्या प्रमाणावर चाललेला कृत्रिम जांभळा रंग सापडला, आणि त्याच साली आपल्याकडे विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. कृत्रिम रंग थोड्याच दशकांत घरोघर पोहोचले. कायद्याला मात्र उंबरठा ओलांडायला फार वेळ लागला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, तर गावाने त्यांना वाळीत टाकले.

फार मागे जायला नको. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की, नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. शहर म्हणविणाऱ्या आपल्यासारख्यांच्या आधी एक खेडे पुढे गेले, याचे मला कौतुकही वाटते आणि थोडी लाजही वाटते.

आपल्या मंडळात हळदीकुंकू दरवर्षी थाटात होते. वाण वाटले जाते, उखाणे होतात. मागच्या खेपेला मी दाराशी उभी होते. आमच्याच चाळीतली एक भगिनी, जी मंडळाच्या प्रत्येक कामाला राबते, त्या दिवशी सतरंज्या घालून, चहाचे पाणी ठेवून, पहिली सवाष्ण येण्याच्या आत निघून गेली. कोणी तिला जा म्हटले नव्हते. तसे म्हणावे लागत नाही, हेच वाईट. मी नंतर विचारले तेव्हा म्हणाली, "ताई, कुणाच्या मनात किंतू यायला नको." मी त्यावर काय बोलणार?

कोणी म्हणेल, तिने कुंकू लावलेच पाहिजे असा हट्ट का? तसा हट्ट मुळीच नको. लावायचे की नाही, हे तिने ठरवावे. लेकीच्या कपाळावर कुंकू असते ते काही नवऱ्यामुळे नसते. परकरातल्या मुलीला आपण लावतोच. जे नवऱ्याबरोबर आले नाही, ते त्याच्याबरोबर का जावे?

जाता जाता कुंकवाच्या पुडीविषयीही सांगते, कारण ते रोजच्या कामाचे आहे. बाजारात मिळणारे सगळेच लाल म्हणजे हळद नव्हे. शेंदूर हे शिशाचे संयुग, हिंगूळ पाऱ्याचे, दोन्ही विषारी. देवाच्या मूर्तीला लावलेला शेंदूर लहान मुलांच्या बोटाला लागून तोंडात जाऊ देऊ नका. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसे दिसले तर ती टिकली लगेच सोडा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, वर दुसरी मोठी टिकली चिकटवून झाकू नका. घरी कालविलेल्या चुन्याचे पाणीही कपाळाला लावून पाहू नका, चुना कातडीला भाजतो. माझा प्रयोग वाटीपुरताच.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणपत्रिकेवर "सर्व सुवासिनींनी" हे शब्द छापावेत की "सर्व भगिनींनी", हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत घ्यावा, अशी सूचना मी चिटणीसबाईंकडे लेखी दिली आहे. पत्रिका नुसती छापून भागणार नाही, घरोघर जाऊन हाताला धरून आणावे लागेल. तलावाच्या बाजूच्या घरांत मी जाईन. बाकीच्या आळ्यांसाठी ज्यांना यायचे असेल त्यांनी आज चहाच्या वेळी मला नावे द्यावीत.