आधी पापणी, मग चष्मा



सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात कुष्ठपीडित कुटुंबांसाठी नेत्र व आरोग्य शिबिर भरवायचे, तर चष्मेवाटपाचे छायाचित्र काढून भागत नाही. या रोगात पापणी मिटविणारा मज्जातंतू दुबळा होतो, बुबुळ बधिर होते. मळणीतले कुसळ डोळ्यात रुतले तरी वेदना नाही. म्हणून रुग्ण येतच नाही आणि दृष्टी जाते. बोटे आधीच बधिर, मग चाचपडायचे तरी कशाने? १९८२ नंतरच्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो, जुनी इजा बहुधा राहते. रोज आरशात डोळ्याची लाली पाहणे, झोपताना डोळे झाकणे घरच्यांना शिकवा.

चांप्याला १९६२ साली कुष्ठसेवा उभारणारे सदाशिवराव कात्रे स्वतः रुग्ण होते. आपल्याही नोंदणीला बरा झालेला रुग्णच बसवा. पंधरवड्याने घरोघरी कोण जाणार, ते ठरवा. मंडपाचे नंतर पाहू.