ऑगस्टमध्ये मुलं कुठे जातात?

(श्रीवर्धनमध्ये कॉलेजच्या मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की आपल्या गावांत काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. जमातीच्या हॉलमध्ये सत्कार होतो. पहिल्या तीन मुली (बहुतेक वेळा मुलीच असतात), ट्रॉफी, शाल, आखातातल्या मंडळींनी पाठवलेली बक्षिसाची पाकिटं आणि मग तासभर भाषणं. सत्कार व्हायलाच हवा. माझा प्रश्न त्या दिवशी हॉलमध्ये नसलेल्या मुलांबद्दल आहे. आठवीत त्याच वर्गात बसलेला, आता जेट्टीवर किंवा गॅरेजमध्ये असलेला मुलगा. त्याचं नाव नापासांच्या यादीतही नसतं, कारण तो परीक्षेला बसलेलाच नसतो.

निकालाची टक्केवारी ही बसलेल्यांची टक्केवारी असते. २०२४ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोकण विभागाचा ९९.०१. आपल्याकडेही लोक तो ९९ चा आकडा अभिमानाने सांगतात. वास्तविक कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. रायगड मुंबई विभागात आहे. तो अभिमान उसना आहे, पण ते सोडून देऊ. मुद्दा असा की शाळेचा निकाल शंभर टक्के असू शकतो आणि त्याच शाळेतून मुलं गळालेलीही असू शकतात. तुमच्या गावाचा खरा आकडा काढायचा असेल तर दोन वर्षांपूर्वीच्या आठवीच्या पटावर किती नावं होती ते बघा, यंदा दहावीला किती बसली ते बघा, दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली वजा करा. जी उरतात ती आपली मुलं.

ही मुलं एका दिवसात शाळा सोडत नाहीत. आधी शुक्रवार जातो, मग शनिवारची सकाळची शाळा, मग गणिताचा तास असलेला दिवस. हे सगळं हजेरीपटावर दिसत असतं. सत्काराच्या वेळी आपण निकालपत्र वाचतो; हजेरीपट कोणी वाचत नाही.

आपल्या किनाऱ्याचं वर्षाचं गणित बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात. जूनच्या मध्याला शाळा उघडते, बंदरावर काम नसतं, मुलगा नियमित येतो. १ ऑगस्टला बंदी उठते. होडी आपली असायला लागत नाही. बर्फ फोडायला, टोपल्या उतरवायला, मासळी टेम्पोत चढवायला हात लागतातच, आणि तेराचौदा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी रोख पैसे मिळतात. पावसाळा संपला की जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या राजपुरीहून सुरू होतात, दिवेआगर-हरिहरेश्वरला पर्यटक येतात. मग शनिवार, रविवार आणि थकवा आला की सोमवार. म्हणजे कोणता मुलगा कोणत्या महिन्यात जाणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. तरी जानेवारीत आपण विचारतो, हा कुठे गेला?

मुलींचं कॅलेंडर वेगळं. आखातातले लोक रजेवर येतात तेव्हा लग्नं निघतात, आणि लग्नघरात आधी थांबते ती घरातली नववीतली मुलगी. आई आजारी, धाकटा भाऊ लहान, पाहुणे आले: प्रत्येक वेळी तीच घरी राहते. तिची गैरहजेरी कुणाला खुपत नाही, कारण ती ‘घरातच तर आहे’.

आता नियम काय सांगतो? बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. शाळेचे दिवस २२० धरले तर ५५ दिवस बुडवूनही मुलगा पात्र ठरतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त शाळा! पात्र ठरणं वेगळं आणि समजणं वेगळं. अमेरिकेत दहा टक्के दिवस बुडाले की मुलगा धोक्यात आहे असं धरतात. आपल्या हिशोबाने ते २२ दिवस, म्हणजे महिन्याला साधारण दोनच. तिथल्या बाल्टिमोर शहरात एक अभ्यास झाला. शाळा सुरू झाल्यावर सप्टेंबरमध्येच ज्यांचे दोन ते चार दिवस बुडाले, त्यांचा पुढे वर्षभरात सरासरी महिन्याभराचा अभ्यास गेला. इतक्या लवकर खूण दिसते.

आणि कायद्याचं संरक्षण नेमकं कुठे सुटतं? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, आठवीपर्यंत. नववीत गेलेल्या मुलाच्या मागे तो कायदा उभा नाही. त्याच वेळी गावातली शाळा संपलेली असते, हायस्कूल दुसऱ्या गावाला, आणि खेळ सगळा एसटीवर. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना पासात मोठी सवलत आहे. पास आहे, पण शाळेच्या वेळेला गाडी आहे का? ती नसेल तर मुलगा मिनीडोरचं भाडं रोज कुठून आणणार, आणि मुलीला एकटीला कोण पाठवणार?

मुलं न येण्याचं दुसरं कारण घरी कोणी बोलत नाही. वर्गात काय चाललंय ते त्यांना समजत नाही. आपल्या मुलाची घरची बोली कोकणी. प्राथमिक शाळा उर्दू. तिथे तो त्रिकोणाला मुसल्लस म्हणायला शिकला, क्षेत्रफळाला रकबा. मराठी हायस्कूलमध्ये गेला की तोच मुसल्लस त्रिकोण झाला, अकरावी सायन्सला गेला तर ट्रँगल. आकृती तीच, तिची नावं तीन. हुशार मुलगा यातून निघतो. मधला मुलगा आठवीत गप्प बसायला शिकतो आणि नववीत यायचं बंद करतो. आई म्हणते अभ्यासात लक्ष नाही. लक्ष होतं हो, धागा तुटला होता.

यावर उपाय आहे आणि तो महाराष्ट्रातच तयार झालेला आहे. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची पद्धत अशी: मूल कितवीत आहे ते न बघता त्याला काय येतं ते बघून गट करायचे. ज्याला परिच्छेद वाचता येत नाही त्याला आधी परिच्छेद. आठवीच्या मुलाला भागाकार येत नसेल तर त्याच्यासमोर बीजगणित मांडून काय उपयोग? इथे बसलेल्या बारावी झालेल्या कोणालाही हे काम जमेल. तीन भाषांतल्या शब्दांची वही तर तुमच्याशिवाय कोण करणार, तुम्ही स्वतः त्या तिन्हीतून गेला आहात.

मध्ये एक काळ असा गेला की दोष कुणा घराचा नव्हताच. मार्च २०२० पासून शाळा बंद. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. छपरं गेली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. सुपारीचं झाड पुन्हा फळायला वर्षं लागतात, तेवढी वर्षं घराची मिळकत गेली. शाळा उघडल्या तोवर नोव्हेंबर २०२१ आला आणि एसटीचा संप, तो एप्रिल २०२२ पर्यंत. जी मुलं जून २०२०ला पाचवीत गेली ती २०२६च्या दहावीची मुलं. त्यांच्या पाचवी-सहावीचा पाया असा वाहून गेला. अशा मुलाला ‘ढ’ म्हणताना जरा जपून.

आता जुनी गोष्ट. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. हे सगळे सांगतात. पण त्याच्या अकरा वर्षं आधी, १९०६ मध्ये, त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले, मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग काढलं. दंडाच्या आधी राहण्या-जेवण्याची सोय. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्याच १९०६ साली आपल्या जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांची बहीण अतिया फैजी शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली होती. ‘आपल्यात मुली शिकत नव्हत्या’ असं कोणी सांगितलं तर त्यांना हे सांगा.

सोय केली की हजेरी बदलते, याचा पुरावा आजचाही आहे. बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा हायस्कूलमधल्या मुलींची संख्या जवळपास तीस टक्क्यांनी वाढलेली निघाली. भाषणं ऐकून ती वाढली नव्हती. आपल्या घाटात सायकल चालणार नाही, हे मान्य. पण जी जमात हॉलला टाइल्स बसवू शकते, ती सकाळ-संध्याकाळ एक मिनीडोर लावू शकते. मी हे बोललो की काही वडीलधारे नाराज होतात. होऊ देत.

मुलं म्हणतात, शिकून काय, शेवटी दुबईच. ठीक आहे, दुबईचंच बोलू. दहावी पास असेल तर पासपोर्टवर ईसीएनआर मिळतो. नसेल तर आखाती देशात नोकरीला जाण्यासाठी इमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो, आणि तिथेच एजंट अडवतो. जहाजावर जायचं म्हणता? जी.पी. रेटिंगच्या कोर्सला दहावी लागते आणि इंग्रजीत किमान ४० टक्के लागतात. बंदरावर रोख पैसे मोजणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेलंच नसतं. ज्याला पुढे शिकायचंय त्याला मुरुडला अंजुमन इस्लाम जंजिराचं सायन्स कॉलेज आहे, लोणेऱ्याला विद्यापीठ आहे. वरची दारं उघडी आहेत, मुलं जिन्यातच थांबतात.

शाळेची अडचणही समजून घ्या. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पट घसरला की पद जातं, गणिताचा शिक्षक गेला की आणखी मुलं जातात. त्यामुळे सप्टेंबरपर्यंत सगळ्यांचं लक्ष नावं टिकवण्याकडे असतं. ऑक्टोबरमध्ये ते नाव वर्गात बसलेलं आहे का, हे विचारायला आपण जायला हवं. मुख्याध्यापक विचारतील, तुम्ही कोण? रास्त प्रश्न आहे. म्हणून एकटे जाऊ नका, पालकांना घेऊन जा. आठवीपर्यंतच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. बऱ्याच गावांत या बायकांची फक्त सही घेतली जाते. तुमची आई, खाला, भाभी त्या यादीत आहे का, ते आज घरी जाऊन विचारा.

काम एवढंच आहे: एकेका मोहल्ल्यामागे दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी. वर्गशिक्षकांकडून आठवड्याला एकदा नावं घ्यायची. तिसऱ्या दिवशीही मूल गैरहजर असेल तर घरी जायचं. ग्रुपवर नाव टाकायचं नाही, त्याने घराची बेअब्रू होते आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. बाप बहुधा जहाजावर किंवा आखातात, म्हणून आईशी बोलायचं, आणि ‘का पाठवलं नाही’ असं विचारायचं नाही. ‘भाभी, अमन दोन-तीन दिवस दिसला नाही, बरा आहे ना?’ एवढ्याने सुरुवात होते. मग खरं कारण बाहेर येतं: भाडं नाही, चप्पल तुटली, मास्तर ओरडले, किंवा काका बंदरावर घेऊन गेला. काकाशी बोलायला मुलींना पाठवू नका, ते मुलांनी करायचं.

वही मी आणलेली आहे. बोर्ली, दिघी, म्हसळा, मुरुड या बाजूंची पानं वेगळी केली आहेत. चहा घेताना आपापल्या मोहल्ल्यासमोर नाव आणि नंबर लिहा. मुरुडच्या पानावर अजून एकाही मुलीचं नाव नाही, त्या बाजूच्या मुली असतील तर आधी इकडे या.