फोटो दाखवताना विचारायचं काय?



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या हातात आता कॅमेऱ्याचा फोन आहे. कुणी पापड-कुरडयांचे फोटो काढतं, कुणी गोधड्यांचे, कुणी बारशाचे. फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडला की खाली ओळीनं येतं : छान, मस्त, एक नंबर, अंगठा, गुलाबाचं फूल. बरं वाटतं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन हातात घेतला की त्या गुलाबाचा काडीचा उपयोग होत नाही.

भाकरी शिकताना आई नुसतं "छान" म्हणाली होती का? ती म्हणायची, पीठ अजून मळ, कडेला जाड राहिली, वरून पाणी लावायला उशीर केलास म्हणून चिरा पडल्या. त्यातली एकेक गोष्ट पुढच्या भाकरीला सुधारता आली. फोटोबद्दलही आपल्याला असंच बोलणारं माणूस हवं. ते आपोआप भेटत नाही, त्याला विचारावं लागतं, आणि विचारायचीही एक रीत आहे.

"कसा आलाय फोटो?" असं विचारलं की समोरची "छान" म्हणणारच. तिला आपलं मन मोडायचं नसतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. तांदळाच्या पापडाचा फोटो असेल तर म्हणा, "हे बघून विकत घ्यावंसं वाटतं का? रंग खरा दिसतो का? एक पापड केवढा असेल, अंदाज येतो का?" अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं तर बाईला फोटोकडे नीट बघावंच लागतं. मग ती सांगते, "अगं, पापड पांढरे आहेत ना, इथं तर राखाडी दिसतात."

आता हे राखाडी प्रकरण जरा समजून घेऊ, कारण ते पुष्कळ जणींना छळतं. कॅमेऱ्याला पापड आणि पांढरी चादर कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. सगळीकडे पांढरंच दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळसर करून टाकतो. काळ्या घोंगडीवर वस्तू ठेवली की उलटं होतं, तो उजेड वाढवतो आणि वस्तू पांढरीफटक पडते. उपाय सोपा आहे. पडद्यावर पापडाच्या जागी बोट टेकवायचं. बहुतेक फोनांत तिथं सूर्यासारखी खूण येते, ती वरखाली सरकवून उजेड कमीजास्त करता येतो. पण ही खटपट कोण करणार? जिला कुणीतरी "राखाडी दिसतात" असं सांगितलंय तीच. "छान" ऐकणारी तसेच राखाडी पापड पाठवत राहते, आणि गिऱ्हाईक का फिरकत नाही हे तिला कधीच कळत नाही.

आणखी एक युक्ती सांगतो. एकाच वस्तूचे दोन फोटो काढा, एक भर दुपारी अंगणात आणि एक सकाळी दाराशी, सावलीतल्या उजेडात. दोन्ही शेजारी ठेवून विचारा, "यातला कुठला, आणि का?" एका फोटोला नावं ठेवायला माणूस संकोचतं, दोघांतला एक निवडायला संकोचत नाही. अडाणी-शहाणी असाही प्रश्न उरत नाही. जिनं कधी कॅमेरा धरला नाही ती आजीसुद्धा बरोबर बोट ठेवते.

दाखवताना आधी गोष्ट सांगू नका. "हा आमच्या गावची जत्रा, मागे पालखी आहे, गर्दी होती म्हणून..." एवढं ऐकल्यावर समोरच्याला फोटोत नसलेली पालखीही दिसायला लागते. गप्प राहून फोन हातात द्या आणि विचारा, "आधी काय दिसलं?" ती म्हणाली, "विजेचा खांब," तर पालखी हरवली आहे. पुढच्या वेळी दोन पावलं बाजूला सरकायचं, खांब चौकटीबाहेर जातो.

आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मत मागणार असाल तर लक्षात ठेवा, तिथं तो लहान करून पाठवला जातो. बारीक टाके, कापडाची वीण पुसट होते. समोरची म्हणेल धूसर आहे, आणि खोट तुमच्या हातात नसेलच. शक्यतो स्वतःच्या फोनवर दाखवा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याआधी फोनची काच पदरानं पुसा. तेलकट बोट लागलेल्या काचेतून चांगल्या हाताचाही फोटो धुरकट येतो.

आता बोलणाऱ्यांविषयी. घरात फोटोवरून टोमणे मिळतात ते आम्हाला ठाऊक आहे. "कशाला ते फोटो-बिटो, कामं पडलीत." टोमणा आणि सूचना ओळखायची आमची एक परीक्षा आहे. ऐकल्यावर पुढच्या फोटोत काय बदलायचं ते कळलं का? "तुला जमायचं नाही" यातून काही कळत नाही, तर ते तिथंच सोडून द्या. "चेहऱ्यावर अर्धी सावली आली" यातून कळतं, तर बोलणारा कितीही खवचट असो, घ्या. मोठा कॅमेरा घे म्हणून सांगणारेही भेटतील. तो खर्चाचा सल्ला झाला, तुमच्या फोटोबद्दल त्यात काही नाही.

दोघी दोन गोष्टी सांगतील. एक म्हणेल जवळून काढ, दुसरी म्हणेल लांबून. घाबरू नका, दोन्ही काढून बघा. शेवटी काय ठेवायचं ते फोटो काढणारीनं ठरवायचं.

एक माणूस मात्र आपण विचारायला हमखास विसरतो, ते म्हणजे जिचा फोटो काढला ती. आमच्या गटातल्या एका मुलीनं पाणवठ्यावर एका आजींचा फोटो काढला. विरलेलं लुगडं, हातावर उन्हाची तिरीप. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी फार वाखाणला. मुलीनं तो आजींना दाखवला, तर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पदर तरी नीट घेऊ द्यायचास गं." एवढंच. मुलीनं तो फोटो कुणाला पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी ती आजींच्या घरी गेली. आजींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, स्वतःच जागा ठरवली, दाराच्या चौकटीत. तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे. पाहुण्यांना कदाचित पहिलाच आवडेल. आम्हाला दुसरा आवडतो, आणि त्यावर आमच्यात अजून वाद आहे.

नावाचंही सांगायला हवं. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1913 साली नवसारीला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. पुढे त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते त्यांच्या पतीच्या नावानं. आपल्याकडे आजही आईनं काढलेला फोटो मुलाच्या फोनवरून जातो आणि शाबासकी मुलाला मिळते. चूक दाखवणाराही मग मुलालाच सांगतो, ते आईपर्यंत पोचत नाही. म्हणून फोटोखाली आपलं नाव घाला.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाल्यावर पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीनं दोनच फोटो आणायचे. बघणारीनं आधी काय दिसलं ते सांगायचं, मग काय खटकलं ते. काढणारीनं तेवढा वेळ उत्तर द्यायचं नाही, वहीत लिहून घ्यायचं. "तू" हा शब्द टाळायचा, बोलायचं ते फोटोबद्दल. त्याच वस्तूचा नवा फोटो त्याच्या पुढच्या बैठकीत आणायचा आणि जुन्याच्या शेजारी ठेवायचा. बैठकीच्या आधी फोन चार्ज करून आणा, गेल्या वेळी तिघींचे बंद पडले होते.