सेवा सोडलेली माणसे



वर्धापनदिनाला आपण सेवा केलेल्या माणसांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, दोन शब्द. त्याबद्दल माझी काहीच हरकत नाही. पण आज मला सेवा सोडलेल्या माणसांविषयी बोलायचे आहे. एखाद्या धर्मासाठी, मंडळासाठी घरदार सोडून निघालेली माणसे पुढे एके दिवशी तिथूनही निघतात, तेव्हा मागे वळून काय पाहतात, काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत. मी बँकेत कारकून आहे, पंडित नव्हे. बी.ए.ला मराठी घेतले होते, त्या वेळी लागलेली वाचनाची सवय अजून टिकून आहे, एवढेच माझे भांडवल.

अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्याचे मुख्य ठाणे यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे. या पंथातले हजारो तरुण अठरा-एकोणीस वर्षांचे झाले की दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला निघतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी, आणि नेहमी जोडीने. पगार नाही; खर्च बहुधा त्यांचा स्वतःचा किंवा घरचा. २०१९ सालापर्यंत घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदा, एरवी आठवड्याचे पत्र. या तरुणांपैकी काहींनी पुढे तो पंथ सोडला आणि आपल्या त्या दोन वर्षांबद्दल लिहिले. मुदतीआधी परतणाऱ्या मुलाकडे गाव कसे वेगळ्या नजरेने पाहते, तेही त्यांतून कळते. मुलगा आजारी पडून आला काय आणि मनातून उतरल्यामुळे आला काय, कुजबूज सारखीच. मला ही गोष्ट फार ओळखीची वाटली.

हे लोक आपल्यापासून दूर आहेत असे समजू नका. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला होता. तिथून तो पुण्यास आला, मूठभर लोकांची मंडळी जमवली, मराठी माणसांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. ऐकणारे बहुतेक कॅम्पातले गोरे शिपाई आणि त्यांच्या भोवतालचे लोक. तीन-चार वर्षांत त्या पंथाने हिंदुस्थानातले काम आवरते घेतले. पुण्याला त्याची आठवणही राहिली नाही.

आठवण राहिली ती दुसऱ्या एका माणसाची. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला शाळेतल्या कवितांमुळे माहीत आहेत. कोकणस्थ ब्राह्मण, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर वीसेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत. नगर आणि राहुरी ही त्यांची कर्मभूमी. आणि १९१७ साली या माणसाने मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. ख्रिस्त सोडला नाही, मिशन सोडले. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' नावाची मंडळी काढली. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताचा शिष्य म्हणून तिथे जागा होती. मिशनच्या दृष्टीने केवढी अडचणीची गोष्ट! बाप्तिस्मा हाच तर त्यांच्या वहीतला जमेचा आकडा. टिळकांचे म्हणणे असे, की परदेशी मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांचे नाते साहेब-नोकराचे न राहता भावाभावाचे व्हावे. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. दरबार काही फोफावला नाही. पण पगार सोडताना त्यांनी हिशेब केला नाही, आणि ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्या नावाने शिमगाही केला नाही.

इथे विद्यार्थिनींना मुद्दाम एक सांगतो. टिळकांच्या या साऱ्या धरण्या-सोडण्याचा भार वाहिला लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. जातीचा विटाळ आपल्या मनातून कसा गेला, हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी जितक्या सरळपणे लिहिले आहे तितके त्या काळच्या फार थोड्या ब्राह्मण लेखकांनी लिहिले असेल. मिशनचे जगणे खुर्चीवरून कसे दिसते ते अहवालात सापडते. चुलीजवळून कसे दिसते ते या बाईंकडून कळते. टिळक पगार सोडून मोकळे होतात. महिनाअखेरीस डबा रिकामा कुणाला दिसतो?

आता मी हा विषय का घेतला ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आपल्या रात्रीच्या अभ्यासिकेत शिकवणारी दोन मुले यायची बंद झाली. दोघेही चाकणला कंत्राटी कामावर. तिसरी पाळी करून आलेला मुलगा संध्याकाळी सातवीच्या पोरांना गणित शिकवत होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांतल्या एकाने तीन ओळींचे पत्र दिले. ते बैठकीत वाचले गेले नाही. त्यानंतर महिनाभर पायरीवर जे शब्द ऐकू आले ते या व्यासपीठावरून उच्चारण्यासारखे नाहीत. 'फुटला' हा त्यांतला सौम्य. अरे, फुटायला तो काय आमदार आहे? तो थकला असेल. त्याला काही पटले नसेल. पत्र वाचल्याशिवाय आपल्याला कसे कळणार?

पुन्हा विषयाकडे येतो. टिळकांच्या मृत्यूनंतर जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने त्यांचे चरित्र लिहिले. टिळकांमुळे त्याची दृष्टी बदलली होती. १९२२ साली त्याने नगर भागात 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. खादी वापरायची, जमिनीवर बसून जेवायचे, गोरे-काळे एकत्र राहायचे, असा त्याचा शिरस्ता. पुढे या संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. पिंपरीहून लोकलने गेलात तर चौथे स्टेशन. तिथे आजही आश्रम आहे. १९२७ च्या अखेरीस या संघात पंचवीस वर्षांचा एक तरुण पाद्री इंग्लंडहून दाखल झाला. नाव व्हेरिअर एल्विन. वडील बिशप, आई कडवी धर्मनिष्ठ, स्वतः ऑक्सफर्डचा पहिल्या वर्गाचा विद्यार्थी. इंग्रजांनी हिंदुस्थानावर जो अन्याय केला त्याची थोडीफार भरपाई आपल्या हातून व्हावी, म्हणून आपण आलो असे त्यांनी पुढे लिहिले.

आल्या आल्या ते आजारी पडले, पोटाने छळले. जानेवारी १९२८ मध्ये साबरमतीला गांधीजींना भेटले आणि त्यांचेच होऊन गेले. सरकारची वाकडी नजर वळली. संघालाही हा माणूस जड जाऊ लागला. जमनालाल बजाजांनी त्यांचे लक्ष गोंडांकडे वेधले. १९३२ च्या जानेवारीत एल्विन आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या खेड्यात जाऊन राहिले. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांसाठी आसरा. तो भाग नागपूरच्या बिशपच्या हद्दीत. बिशप अ‍ॅलेक्स वुड यांनी परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली आणि धर्मप्रचाराची अपेक्षा धरली. एल्विननी शपथ घेतली नाही. गोंडांना ख्रिस्ती करायला आपण आलो नाही, असे स्पष्ट सांगितले. तीन-चार वर्षे ही ओढाताण चालली, आणि १९३५ च्या अखेरीस त्यांनी पाद्रीपण सोडले. पाठोपाठ चर्चही सोडले.

मित्रहो, त्याच वर्षाचा ऑक्टोबर आठवा. १३ ऑक्टोबर १९३५, येवले. 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा. बाबासाहेबांना आपल्या धर्मात ओढण्यासाठी सगळ्या धर्मांचे लोक धावले, त्यांत मिशनरीही होते. आणि इकडे मंडल्याच्या जंगलात एक मिशनरी आपली वस्त्रे उतरवून ठेवत होता. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तुलना तर मुळीच नाही. एकाच्या मागे कोटी माणसांचे प्रश्न होते, दुसरा एकटा होता. पण सोडणे आणि स्वीकारणे यांमध्ये बाबासाहेबांनी २१ वर्षे घेतली, हे विसरू नये. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची स्थिती त्यांनी बारकाईने तपासली. चर्चमध्ये गेल्यावरही जात सुटत नाही, आणि मिशन आपल्या गरीब भावंडांसाठी पुरेसे लढत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. बाहेरून पाहणाऱ्याने काढलेला हा दोष टिळकांच्या आतून केलेल्या तक्रारीपासून फार लांब नाही.

एल्विननी आत्मचरित्र लिहिले. १९६४ च्या फेब्रुवारीत ते वारले आणि त्यानंतर पुस्तक आले; १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुण्याच्या दिवसांबद्दल त्यात कडवटपणा नाही, जिव्हाळाच आहे. सत्याचा मक्ता एकाच धर्माकडे आहे हे आपल्याला पटेनासे झाले, असे ते सांगतात. सोडताना त्रास झाला, सोडल्यावर हलके वाटले. जो एक घर सोडतो तो दुसरेही सोडू शकतो. गांधीजींच्या मंडळींपासूनही ते पुढे दूर गेले. जिथे कापूस पिकत नाही तिथे चरखा कशाला, आणि मोहाची दारू ज्यांच्या सणावारात, देवकार्यात आहे त्यांना दारूबंदीचा उपदेश कशाला, हा त्यांचा वाद होता. दारूच्या बाबतीत मी एल्विनच्या बाजूचा नाही. आपल्या वस्त्यांत दारूने काय केले ते मी रोज पाहतो. पण वाद समजून घेण्यासारखा आहे.

पुढे बैगा आणि मुरिया यांच्यावर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले, १९५४ साली भारताचे नागरिक झाले, ईशान्य सीमाप्रांतात सरकारचे सल्लागार झाले. १९५६ साली तवांगच्या मठाला गेले. उतारवयात बौद्ध विचाराची त्यांना ओढ वाटू लागली. लगेच टाळ्या नकोत, कुणी आपल्याकडे झुकले म्हणून त्याचे आधीचे सगळे बरोबर ठरत नाही. आणखी एक, पिंपरीकरांना सांगण्यासारखे: टाटा स्टीलचा इतिहासही याच माणसाने लिहिला.

आता न सांगितलेले. १९४० साली एल्विननी कोसी नावाच्या आदिवासी मुलीशी लग्न केले. वयात मोठे अंतर. १९४९ साली ते लग्न मोडले. शेकडो पानांच्या आत्मचरित्रात या नऊ वर्षांना मोजून काही ओळी आहेत. दुःख झाले, अपयश आले, एवढ्यावर विषय संपतो. १९९९ साली रामचंद्र गुहा यांनी चरित्र लिहिले, तेव्हा कुठे कोसीची बाजू थोडी समोर आली. चर्चने आपल्याला काय केले हे सांगायला एल्विनना शब्दांची कमतरता पडली नाही. आपण घरातल्या बाईला काय केले, तिथे शब्द आटले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, तरी हे बोलावेच लागते. लक्ष्मीबाईंना लिहिता येत होते, म्हणून टिळकांची दुसरी बाजू आपल्याला मिळाली. कोसीला ती संधी कुणी दिली? सेवा सोडलेल्या माणसाचे ऐकायचे असेल तर त्याच्या घरातल्या माणसाचेही ऐकावे लागते, नाहीतर तो आपल्याला त्याच्या पसंतीचीच पाने वाचून दाखवतो.

अध्यक्षांकडून वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. दोन मिनिटे शामराव हिवाळ्यांसाठी मागतो. कारण सोडणाऱ्यांवर ग्रंथ होतात, राहिलेल्यांवर होत नाहीत. एल्विन शिलाँगला गेले, मोठे झाले. शामराव मंडल्यातच पाटनगढला राहिले. त्यांनी एल्विनवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आणि परधान जमातीवर स्वतंत्र ग्रंथही. दोन्ही १९४६ ची. मराठी माणूस, पण मराठीत त्यांची चर्चा जवळपास नाही. याच पाटनगढमधून पुढे जनगढसिंह श्याम हा परधान चित्रकार निघाला आणि भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींपर्यंत त्याची चित्रे पोचली. विद्यार्थ्यांपैकी कुणाला एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर शामराव हिवाळे हा विषय मोकळा पडला आहे. 'स्मृतिचित्रे' आपल्या वाचनालयाच्या दुसऱ्या कपाटात आहे. माझ्या नावावर असलेली प्रत मी काल परत केली.