पाण्याखालची मोजणी



दादरच्या या सभागृहातून चौपाटी चालत जाण्याइतकी जवळ आहे. इथल्या माणसाला भरती-ओहोटीच्या वेळा ठाऊक असतात, पण त्या पाण्याच्या तळाशी काय आहे असं विचारलं तर उत्तर येत नाही. त्याला कारण आहे. खाड्यांचा गाळ आणि सांडपाणी यांमुळे मुंबईचं पाणी सदा गढूळ. पाणबुड्या म्हटलं की शहराला नौदलाचे जवान आठवतात, गोदीतले कामगार आठवतात, नाहीतर 1974 मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायवर पाइपलाइनी दुरुस्त करणारे. संशोधनासाठी बुडी मारणारा वैज्ञानिक या यादीत नसतो. आजचं भाषण त्याच्याविषयी आहे.

ही पद्धत जुनी आहे. 1844 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एदवार शिरस्त्राण चढवून सिसिलीच्या समुद्रात उतरले. 1943 मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी कुस्तो आणि अभियंता गान्यां यांनी पाठीवरच्या सिलिंडरमधून हवी तेवढीच हवा देणारं उपकरण तयार केलं आणि वैज्ञानिक खाली मोकळेपणाने हिंडू लागला.

आपल्या घरचं उदाहरण आंग्रिया बँकेचं. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं हे पठार. नाव कान्होजी आंग्र्यांचं. त्याचा सर्वांत उथळ भागही वीसेक मीटर, म्हणजे जुन्या मापाने अकरा वाव खोल. जहाजावरच्या सोनारने तळाचा उंचसखलपणा कळतो. जाळं ओढलं तर प्रवाळ मोडून वर येतो. पण जिवंत प्रवाळ किती, उष्णतेने पांढरा पडलेला किती, कोणता मासा कोणत्या कपारीला धरून आहे, हे कळायला माणसाचे डोळेच खाली न्यावे लागतात.

आणि तिथे वेळ फार थोडा मिळतो. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने भरलेली हवा म्हणजे साधारण 2400 लिटर. मिनिटाला वीस लिटर धरली तर किनाऱ्यावर ती दोन तास पुरेल. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून तीच हवा चाळीस मिनिटांत संपते. राखीव हवा वगळली की हातात उरतो जेमतेम अर्धा तास.

तेवढ्यात काम उरकायचं. आधी मासे मोजायचे, कारण फीत अंथरताना ते पळतात. मग तळावर 50 मीटरची फीत पसरायची आणि तिच्याखाली येणारा जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शेवाळ, वाळू असं सगळं प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने टिपत जायचं. पाण्यात लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरतो. तळावरचा लालभडक स्पंज काळपट दिसतो आणि टॉर्च लावला नाही तर नोंदच चुकते. हवेचा काटा खाली आला की फीत अर्धवट राहिली तरी निघायचं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येणाऱ्याला जायबंदी करतो. वर येताना कुठे किती थांबायचं याची पहिली शास्त्रशुद्ध कोष्टकं ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी 1908 मध्ये दिली. आजही पाच मीटरवर तीन मिनिटं थांबण्याची शिस्त पाळतात.

गढूळ पाण्यात हे शक्य नाही, असं मुंबईत सहज म्हटलं जातं. ते पटत नाही. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे पुरातत्त्वज्ञ 1997 पासून सुंची रीफवर उतरले. हेलकावे आणि गढूळपणा तिथेही होताच. तरी खडकांच्या बेचक्यांतून हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि लोखंडी तोफा हाती लागल्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बुडालेल्या जहाजाचा तो माल. कोणती वस्तू कुठे आणि कशाशेजारी पडली होती, हे उतरलेल्या माणसानेच टिपलं. ती टिपणं नसती तर तो नुसता भंगाराचा ढीग ठरला असता.

हाजी अली आणि वरळीच्या खडपांवर प्रवाळ आहेत, हे बहुतेक मुंबईकरांना कोस्टल रोडमुळे कळलं. कायद्याने संरक्षित असल्याने त्यांतल्या 18 वसाहती 2020 मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीला लोकांना खडपांवर नेऊन हे जीव दाखवतात आणि त्यांची नोंद ठेवतात. हे काम मोलाचं आहे. पण ओहोटीची रेषा संपते तिथे या नोंदीही थांबतात. तिच्या पुढच्या पाच-दहा मीटर खोलीवरच शहराच्या भरावाचा आणि मैल्याचा भार पडतो.

म्हणून या व्यासपीठावरून एक मागणी. मुंबईत सागरी जीवशास्त्र शिकणाऱ्याला बुडीचं शिक्षण अभ्यासक्रमातच मिळावं. पावसाळ्यानंतर पाणी त्यातल्या त्यात निवळतं, तेव्हा हाजी अलीपासून दादरपर्यंत ठरलेल्या जागी दरवर्षी तीच मोजणी व्हावी आणि तिचा अहवाल मराठीतही निघावा. आपण विज्ञानलेखकही समुद्राची बातमी लिहिताना संशोधकांना विचारू या: किती खोलीवर उतरलात, किती मिनिटं होतात, हातभर तरी दिसत होतं का, आणि मागच्या वर्षी त्याच जागी काय टिपलं होतं?